कोनशिलेवरचं साल आणि वहीतलं साल

जुन्या मुंबईबद्दल वाचक विचारतात आणि मी जमेल तसं सांगते, असं हे सदर. नाताळ जवळ आला की चर्चबद्दलची पत्रं वाढतात. एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समूहाच्या, कार्यालयात मी कारकुनी केली, तिथल्या नोंदवह्या कितीतरी वर्षं माझ्याच ताब्यात होत्या. त्यामुळे संपादक असली पत्रं न वाचताच माझ्याकडे ढकलतात. यावेळी चार घेते.

प्रश्न : ताई, आमची मंडळी मध्य मुंबईतली, मराठी. पूर्वीची अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथाची, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली. पुढच्या वर्षी स्मरणिका काढायचं ठरलंय. भिंतीतल्या कोनशिलेवर एक साल आहे. म्हातारी माणसं म्हणतात, त्याच्या आधी कित्येक वर्षं चाळीतल्या खोलीत उपासना व्हायची. एका सभासदाकडे आजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला आहे, तोही कोनशिलेच्या आधीचा. यावरून पंच कमिटीत दोन तट पडलेत. खरं साल कोणतं धरायचं? आणि इतिहास लिहायला घ्यायचा तर सुरुवात कुठून करायची?

उत्तर : दोन्ही तटांना माझा नमस्कार सांगा. दोघांचंही बरोबर आहे, त्यामुळे हे भांडण मिटणार नाही. ते स्मरणिकेत छापून टाका.

फोर्टातलं सेंट थॉमस कॅथीड्रल घ्या. मुंबईतलं इंग्रजांचं हे पहिलं चर्च. त्याचं साल विचाराल तर चार उत्तरं येतील. गव्हर्नर जेराल्ड औंगियरने त्याचा घाट घातला १६७०च्या दशकात. भिंती पंधरा फुटांपर्यंत चढल्या आणि काम थांबलं ते जवळजवळ चाळीस वर्षं. वर्गणी गोळा झाली होती, मग पैसा गेला कुठे? अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश दर्यावर्दी व्यापाऱ्याने सरळ लिहून ठेवलंय की पाच हजार पौंड जमले होते, पण सर जॉन चाइल्डच्या हाती मुंबईचा कारभार आला आणि ते त्याने स्वतःच्याच खिशात घातले. हॅमिल्टनच्या लिखाणात चाइल्डबद्दल एक गोड शब्द शोधून सापडत नाही, तेव्हा हे थोडं तोलूनच घ्यायचं. पण देणगीचा हिशेब हा चर्चच्या इतिहासाचा सगळ्यांत चुरचुरीत भाग असतो, आणि तुमच्याकडेही असणार.

१७१४ मध्ये रिचर्ड कॉब नावाचा चॅपलेन, म्हणजे कंपनीच्या नोकरीतला पाद्री, आला. ओसाड भिंती पाहून त्याने व्यासपीठावरूनच लोकांना टोचायला सुरुवात केली, पुन्हा वर्गणी काढली, आणि २५ डिसेंबर १७१८ला, नाताळच्या दिवशी, चर्च उघडलं. म्हणजे दुसरं साल १७१८. पण तोवर हिंदुस्थानात अँग्लिकन बिशपच नव्हता, आणि बिशपशिवाय चर्चचं विधिपूर्वक समर्पण होत नाही. कलकत्त्याचे पहिले बिशप मिडलटन मुंबईत आले आणि त्यांनी ते केलं १८१६ला. उघडल्यानंतर ९८ वर्षांनी! त्या ९८ वर्षांत तिथे लग्नं लागली, बारशी झाली, प्रेतं उठली. समर्पण झालं नाही म्हणून कुणाचं काही अडलं नाही. चौथं साल १८३७. मुंबईला स्वतःचा बिशप मिळाला, थॉमस कार, आणि सेंट थॉमस कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं. मनोरा त्यानंतरचा.

आता सांगा, कॅथीड्रलचा वाढदिवस कोणता? तिथली मंडळी १७१८ धरतात, कारण त्या दिवसापासून दार उघडलं. मला तो हिशेब पटतो. तुमच्या बाबतीत पहिली उपासना, पहिला बाप्तिस्मा, कोनशिला आणि समर्पण अशी चार सालं ओळीने छापा, प्रत्येकापुढे पुरावा काय ते लिहा. तोंडी माहिती असेल तर ‘तोंडी’ असंच लिहा, त्यात कमीपणा नाही. समारंभ कोणत्या सालावरून करायचा ते कमिटीने मतं घेऊन ठरवावं.

सुरुवात कुठून करायची, हा खरा प्रश्न. बहुतेक स्मरणिका भिंतींपासून सुरू होतात. संगमरवरी पाट्या, घंटा, रंगीत काचा, मग पाळकांची यादी आणि प्रत्येकाचा पासपोर्ट साइज फोटो. तुम्ही कपाट उघडा. त्यात बाप्तिस्म्याची वही, लग्नांची वही, दफनाची वही आणि उपासनेची वही अशा चार जाडजूड वह्या असायला हव्यात. उपासनेची वही लोक रद्दीत घालतात. तिच्यात तारीख, कोणी उपदेश केला, किती जणांनी प्रभुभोजन घेतलं आणि थैलीत किती जमलं, एवढंच असतं. पण पावसाळ्याच्या एखाद्या रविवारी हजेरी आठ आणि थैलीत बारा आणे, आणि पुढच्याच पानावर पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) उभं राहायला जागा नाही, हे वाचलं की मंडळी डोळ्यांपुढे येते.

बाप्तिस्म्याच्या छापील वहीत बाप्तिस्म्याची तारीख, जन्मतारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा आणि विधी करणाऱ्याची सही, असे रकाने असतात. माझा आवडता रकाना धंद्याचा. आमच्या वहीत एकाच पानावर बटलर, रेल्वेतला फिटर, शाळामास्तर, पट्टेवाला, पुन्हा बटलर आणि ‘मिल’ एवढंच लिहिलेला एक जण होता. राहण्याचं ठिकाण म्हणून चाळीचं नाव. पुढची दहा पानं पाहिली तर तीच चाळ परत परत येते, आणि मग एकदम नाहीशी होते. ती मंडळी कुठे गेली? त्याचं उत्तर लग्नाच्या वहीत मिळालं : घरं परळकडे सरकली होती. कुणी लिहून ठेवलेला नव्हता तो इतिहास, रकाना भरता भरता झाला होता. लग्नाच्या वहीत साक्षीदारांच्या सह्याही बघा. जुन्या पानांवर कुणी मोडीत सही केलेली असते, कुणी नुसती फुली मारलेली, आणि शेजारी पाद्रीसाहेबांचं वळणदार इंग्रजी.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. इंग्रजी काळात मुंबईत दोन तऱ्हेची अँग्लिकन चर्चं होती. एक सरकारी. तिथला चॅपलेन सरकारच्या पगारावर, त्याच्या बदल्या आणि रजा सरकारी दप्तरात. दुसरी मिशनची. मराठी मंडळ्या बहुतेक या दुसऱ्या खात्यातल्या. सरकारी चर्च असेल तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात धर्मखात्याची दप्तरं आहेत, तिथे अर्ज करा. कौलं फुटली म्हणून केलेला पत्रव्यवहारसुद्धा सापडतो. मिशनचं चर्च असेल तर त्या मिशनचे वार्षिक अहवाल शोधा. पण सांभाळून वाचा. ते विलायतेतल्या देणगीदारांसाठी लिहिलेले असत, त्यामुळे प्रत्येक वर्ष एकतर आशेचं असतं नाहीतर निधीअभावी संकटाचं. मधलं वर्ष नसतंच.

शिक्के आणि कागदावरची नावं बदलताना दिसतील, त्याने गोंधळू नका. १९३०मध्ये इथलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्या दिवसाच्या आगेमागे तुमच्या कमिटीच्या इतिवृत्तात काय लिहिलंय ते अवश्य बघा. मोठ्या बदलाच्या दिवशी छोट्या कमिट्या भलत्याच विषयावर बोलत असतात. आमच्याकडे पंखा दुरुस्तीवर चर्चा चालली होती.

आणि हात जोडून विनंती : वहीची पानं लॅमिनेट करू नका. एका मंडळीने (नाव नको) कौतुकाने अख्खी वही लॅमिनेट करून आणली. आता प्लास्टिकच्या आत शाई तपकिरी होत चाललीय आणि पान सोडवायचा मार्ग नाही. सेलोटेपही नको. खिडकीच्या उजेडात मोबाइलने प्रत्येक पानाचा सरळ फोटो काढा, रकान्यांची डोकी दिसली पाहिजेत. कोनशिलेवर ऑइलपेंट फासून अक्षरं उठवू नका. अंधार पडल्यावर टॉर्च एका बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. झिजलेली अक्षरं सावलीने वर येतात. तुमच्या कोनशिलेवरचं साल खरंच तेच आहे का, हेही त्यात एकदा बघून घ्या. ३ आणि ८ची गफलत फार होते.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. मुलांनी विचारलं, चर्चगेटला चर्च कुठे आहे आणि गेट कुठे आहे? चर्चचा आणि मराठी माणसांचा त्या काळी काही संबंध होता का, हेही सांगाल का? — एक शिक्षिका, दादर

उत्तर : गेट गेलं, चर्च आहे. फोर्टाच्या तटबंदीला अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे होते. चर्च गेट आजच्या हुतात्मा चौकापाशी होतं, आणि तिथून आत गेलं की रस्ता सेंट थॉमसला जायचा. १८६०च्या दशकात बार्टल फ्रिअरच्या काळात तट पाडले, दरवाजे गेले, नाव रस्त्याला राहिलं आणि पुढे स्टेशनला चिकटलं. मुलांना स्टेशनपासून वीर नरिमन रोडने सरळ चालवत न्या. ओव्हल, फ्लोरा फाउंटन, मग हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे डाव्या हाताला चर्च. रमतगमत पंधरा-वीस मिनिटं. जुन्या मुंबईत मैल मोजायचे तेही याच चर्चपासून. बेसॉल्टचे ते मैलाचे दगड रस्त्याच्या कडेला अजून कुठे कुठे गळ्यापर्यंत पुरलेले आहेत.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र तासभर शिकवण्यासारखा आहे. १७१८च्या नाताळात चर्च उघडलं त्या दिवसाचं वर्णन कॉबने लिहून ठेवलंय. गव्हर्नर चार्ल्स बून लवाजम्यासह आला, एका बाळाचा बाप्तिस्मा झाला, आणि गावातला एक बडा असामी आपल्या जातभाईंना घेऊन आला होता. त्या लोकांना उपासनेतली शिस्त इतकी आवडली म्हणे की ती संपेपर्यंत ते बाहेर उभे राहिले. हा असामी म्हणजे रामा कामती. शेणवी, बडा व्यापारी, कंपनीच्या पलटणीच्या कामातला वजनदार माणूस. तीनच वर्षं आधी, १७१५मध्ये, त्याने वाळकेश्वरचं देऊळ पुन्हा उभं करायला पैसा दिला होता. देऊळही आपलं आणि साहेबाच्या चर्चच्या दारातही हजेरी. मुंबईचा व्यापारी तेव्हाही असाच होता.

पण पुढे बघा. त्याच वर्षी, नाताळाच्या काही आठवडे आधी, बूनने कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर आरमार धाडलं होतं आणि ते हात हलवत परत आलं होतं. असा पराभव झाला की घरभेदी शोधावा लागतो. १७२०मध्ये रामा कामतीवर खटला भरला : आंग्र्यांशी संधान बांधलं, गुप्त पत्रं पाठवली. साक्ष काढण्यासाठी त्याच्या माणसाचे अंगठे पिळले. जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८मध्ये तो कैदेतच मेला. ज्या पत्रांवर शिक्षा झाली ती बनावट होती, हे नंतर उघडकीला आलं. नाताळच्या त्या सकाळी चर्चच्या आत बसलेला बून आणि बाहेर उभा असलेला कामती यांच्यात दीड-दोन वर्षांनी काय होणार होतं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. वर्गात हे सांगा, मुलं गप्प ऐकतील.

चर्चमध्ये न्याल तेव्हा गव्हर्नर जोनाथन डंकनचं स्मारक दाखवा, १८११ला मुंबईतच वारला तो. बनारस आणि काठियावाडातली बालहत्या बंद केल्याचा उल्लेख त्यावर कोरलाय. दुरुस्तीबद्दल २००४मध्ये या चर्चला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि बाहेरचं कारंजं कावसजी जहांगीर रेडीमनींच्या पैशांनी झालं. पारशी सावकाराने अँग्लिकन चर्चला कारंजं बांधून दिलं, हेही सांगायला विसरू नका.

प्रश्न : कुलाब्याला नेव्हीनगरच्या वाटेवर अफगाण चर्च लागतं. अफगाण लोकांनी बांधलं का? — एक बसप्रवासी

उत्तर : नाही हो. अफगाणिस्तानात मेलेल्यांसाठी बांधलं. नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पहिलं अफगाण युद्ध १८३८ ते ४२. त्यात १८४२च्या जानेवारीत काबूलहून माघार घेताना बर्फात आणि घाटांत इंग्रजांची अख्खी फौज संपली. त्या युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत पडलेल्यांचं हे स्मारक. पायाभरणी १८४७ची, समर्पण जानेवारी १८५८चं, बिशप हार्डिंग यांच्या हस्ते. मनोऱ्याचं निमुळतं टोक त्यानंतरचं, त्यालाही रेडीमनींनी हात लावला. बोटींना समुद्रातून आधी तेच दिसायचं. बाहेरचा पिवळट दगड कुर्ल्याचा, आतले खांब पोरबंदरच्या दगडाचे. आराखडा हेन्री कॉनीबिअरचा. हा गृहस्थ शहराचा इंजिनिअर. विहार तलावाच्या पाण्याची योजनाही याचीच. मुंबईकर त्याचं पाणी प्यायले आणि त्याचं नाव विसरले.

तुम्ही एकदा बसमधून उतराच. आत वेदीच्या बाजूला भिंतीवर मेलेल्या अधिकाऱ्यांची नावं आहेत, एकाखाली एक. त्यांच्या खाली लिहिलंय की वर नावं असलेल्या अधिकाऱ्यांच्या, आणि ज्यांची नावं अशी नोंदवता येणार नाहीत इतके जास्त असलेल्या हुद्देदारांच्या व शिपायांच्या स्मरणार्थ. मी ते वाचून बराच वेळ तिथे थांबले. मुंबई इलाख्याच्या पलटणींत त्या काळी कोकणातली माणसं भरपूर होती. मराठे, महार, रत्नागिरीकडची. अफगाणिस्तानच्या वाटेवरच्या बोलन खिंडीतून ती गेली, आणि त्यातली पुष्कळशी परत आली नाहीत. भिंतीवर ती ‘फार जास्त’ या शब्दांत आहेत. आता भिंतीला मर्यादा असते, मान्य. पण पगार वाटायला लष्कराला नावं लागत होतीच, तेव्हा नावं नव्हती असं काही नाही. मला विचाराल तर त्या चर्चमध्ये हे एवढं एक वाक्य वाचायला जावं. काचा सुंदर आहेत, त्या बघून घ्या.

प्रश्न : आजोबांचा बाप्तिस्मा १९२०च्या सुमारास मुंबईतल्या एका अँग्लिकन चर्चमध्ये झाला असं घरात म्हणतात. चर्चचं नाव कुणाला आठवत नाही. दाखला कसा काढायचा? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी त्या सुमाराला कुटुंब राहत कुठे होतं आणि पणजोबा नोकरी कुठे करत होते ते शोधा. मराठी कुटुंब असेल तर जवळची मिशनची मंडळी पहिल्यांदा, सरकारी चर्च नंतर. लहान मंडळ्यांना पुष्कळदा स्वतःचा पाळक नसे, शेजारच्या चर्चचा पाळक येऊन विधी करी आणि कधीकधी आपल्याच वहीत नोंदवी. म्हणून एका ठिकाणी नाही मिळालं तर निराश होऊ नका, शेजारच्या वहीत बघा. आडनावावरून शोधू नका. त्या काळी आडनाव लिहायची रीत पक्की नव्हती. नाव, बापाचं नाव आणि गाव यांवर नजर ठेवा. ‘विठ्ठल’चा ‘पॉल’ झालेला असू शकतो आणि पुढच्या ओळीत बापाचं नाव विठ्ठलच राहिलेलं असू शकतं.

चर्चचा पत्ताच लागेना तर आणखी एक वाट आहे. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, आणि बऱ्याचशा पैसे भरून इंटरनेटवर पाहता येतात. त्यांत युरोपियन आणि अँग्लो-इंडियन जास्त. मिशनच्या मराठी मंडळ्यांच्या नोंदी तिथे सापडतील याचा भरवसा धरू नका. त्या आपल्याच कपाटांत असतात.

कार्यालयात जाताना रविवारी उपासनेनंतर लगेच जाऊ नका. पाळकांना तेव्हा दहा जणांनी घेरलेलं असतं. मधल्या वारी सकाळी जा, जन्मसालाच्या आगेमागे पाच वर्षं बघू द्या अशी लेखी विनंती न्या, आणि स्वतः पानं उलटू नका, तिथल्या माणसाला उलटू द्या. नोंद सापडली तर आधी वहीचा क्रमांक, पानाचा क्रमांक आणि ओळ लिहून घ्या, मग दाखला मागा. दाखल्यावर नाव वहीत आहे तसंच येईल, सोयीचं करून मागू नका. शुल्क लागतं, पावती घ्या.